टेकडीवरचा हट्टी टॉवर

मित्रांनो, कंपनीच्या कागदावर मला एक लांबलचक आकडा होता, पण मेळघाटातल्या सालईढाण्यात मला सगळे नुसतं ‘टावर’ म्हणतात. मी लोखंडाचा आहे आणि वयानं जुना आहे. अंगावरचा लाल-पांढरा रंग पोपडे धरून उडाला आहे, पायथ्याच्या जाळीला रानवेलींनी वेढलं आहे, आणि मी अजून उभा आहे. शेवटचं मी मुद्दाम जोरात सांगतो, कारण मला आडवं करायला माणसं आली होती. ट्रक घेऊन, दोर घेऊन, बोल्ट खोलायचे पाने घेऊन आली होती. ती आली आणि काय झालं, हे तुम्हाला सांगावं म्हणून आज बोलतो आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला कापलं, माझ्या अंगाला भोकं पाडली आणि वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुचकळून काढलं. ती आंघोळ भयंकर होती, पण तिच्यामुळेच इतके पावसाळे अंगावर घेऊनही मला गंज चढला नाही. मग सुट्या तुकड्यांचा ढीग होऊन मी ट्रकमध्ये पडलो. परतवाड्याहून घाट चढत, सेमाडोह आणि हरिसाल मागे टाकत मी धारणी तालुक्यात आलो. सालईढाण्याच्या अलीकडे एक नाला आहे. ट्रकवाल्यानं तो नाला पाहिला आणि पुढे यायला साफ नकार दिला. तेव्हा गावातली माणसं उतरून आली. कोरकू घरांतली आली, गवळ्यांच्या घरांतलीही आली. माझे लांब लोखंडी अँगल दोघा-दोघांनी खांद्यावर घेतले, नट-बोल्टची पोती डोक्यावर घेतली, आणि चिखलातून, मग खडकावरून मला टेकडीवर चढवलं. माझ्या जागेवर मी असा पोचलो.

मला उभं करणाऱ्या टोळीत जुबेर नावाचा एक तरुण होता. तो अकोल्याचा. त्याचे वडील इनायतुल्ला तिथे पत्र्याच्या पेट्या बनवत. लहानपणापासून लोखंडाच्या आवाजात वाढलेला जुबेर माझ्या अंगावर असा चढायचा, जसा एखादा पोरगा मामाच्या गावच्या चिंचेवर चढतो. प्रत्येक बोल्ट आवळला की पान्यानं हलकेच ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. आवाज पसंत पडला, तरच पुढे सरकायचा.

टेकडीची ती जागा पुंजाराम गवळ्याच्या घरची. त्याची बायको मैनाबाई तेव्हा नुकतीच नांदायला आलेली. टोळीतल्या माणसांना ती रोज गाडग्यात ताक आणून द्यायची. बोलायला फटकळ, पण मनात शंका आली की विचारल्याशिवाय राहायची नाही. एवढ्या लोखंडातून माणसाचा आवाज कसा जातो, असं तिनं जुबेरला विचारलं. जुबेर म्हणाला, नाल्याच्या अल्याडचा माणूस हाक मारतो, ती पल्याडचा ऐकतो आणि पुढच्याला सांगतो, तसंच हे. एक टॉवर या टेकडीवर, दुसरा त्या टेकडीवर. मैनाबाईला ते लगेच पटलं. ती म्हणाली, म्हणजे हा गावचा निरोप्या झाला. माझ्याबद्दल कुणीतरी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. पुंजाराम दर वर्षी चारा सरला की संत्री तोडायला वरूडकडे जायचा. पूर्वी तो गेला की परत येईपर्यंत त्याची काही खबर नसायची. आता मैनाबाई टेकडीवर येऊन त्याच्याशी बोलू लागली. सुरुवातीला ती इतक्या मोठ्यानं बोलायची, की पुंजारामला तिकडे फोन कानापासून लांब धरावा लागत असे. तिचा समज असा, की वरूड लांब आहे, तेव्हा आवाजही तेवढाच मोठा पाहिजे. ती म्हशींच्या दुधाचा खवा विकायची; धारणीच्या मिठाईवाल्याची मागणीही तिला आता गावात बसूनच कळू लागली. गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई सीमा कासदेकर, बाळंतपणाची वेळ आली की माझ्यामार्फत दवाखान्याची गाडी बोलवायची. पूर्वी एक माणूस सायकलवर पाठवावा लागे आणि तो पोचेपर्यंत इकडे जे व्हायचं ते होऊन जाई. आता गाडी नाल्याशी येऊन उभी राहायची. त्या गाडीमुळे सुखरूप जन्मलेली कितीतरी मुलं पुढे माझ्या सावलीत गोट्या खेळली.

मी सुखात होतो असं नाही. माझ्या खांद्यावर आग्या माश्यांनी मोहोळ लावलं. वानरांनी केबली ओरबाडल्या. एका वळवाच्या पावसात वीज थेट माझ्या डोक्यावर पडली. मी ती जमिनीत उतरवून दिली आणि तासाभरात पुन्हा बोलू लागलो. मी वाऱ्याला भ्यालो नाही आणि विजेलाही भ्यालो नाही.

पुढे जुबेर परदेशी गेला. पश्चिम आफ्रिकेत बेनिन नावाचा एक लांबोळका देश आहे, तिथे टॉवर उभारायचं काम त्याला मिळालं. पण सालईढाण्याचं ताक तो विसरला नव्हता. दर ईदला तो पुंजारामच्या घरी फोन करायचा. समुद्र ओलांडून, किती टेकड्यांवरच्या किती टॉवरांच्या हातून आलेला तो आवाज शेवटी माझ्या अंगातून उतरून मैनाबाईच्या कानात जायचा. मला त्याचा मोठा अभिमान वाटे. जुबेर सांगायचा, की तिथेही कपाशी आहे, आणि बोंडं फुटली की आपण बार्शीटाकळीला मामाच्या शिवारात उभे आहोत असं वाटतं. आपल्याकडे बाया मोहाखाली टोळी, म्हणजे मोहाच्या बिया, वेचतात, तशा तिथल्या बाया एका झाडाखाली बिया वेचतात आणि त्यांचं लोण्यासारखं तेल काढतात. छत्रीखाली बसून बाया फोनचं रिचार्ज विकतात. आणि रेंज नसली, की माणसं फोन हातात धरून मोठाल्या वारुळांवर चढून उभी राहतात.

एकदा त्यानं एक निराळीच हकीकत सांगितली. तिथल्या एका खेड्यातला टॉवर कंपनीनं बंद केला आणि तो काढायला माणसं पाठवली. त्यांत जुबेरही होता. जाऊन पाहतात तर गावातल्या बायांनी टॉवरच्या चारी पायांशी चुली मांडलेल्या. त्या तिथेच रांधत, तिथेच पोरांना जेवू घालत. भांडत नव्हत्या, शिव्या देत नव्हत्या, पण उठतही नव्हत्या. शेवटी कंपनीच दमली आणि टॉवर पुन्हा चालू झाला. मैनाबाई ते ऐकून खूप हसली. मग म्हणाली, आपल्या बायांना एवढी सवड कुठे आहे.

मित्रांनो, चांगले दिवस कधी संपले ते मला नेमकं सांगता येणार नाही. माझ्या कंपनीनं मला दुसऱ्या कंपनीला विकलं. नव्या मालकानं आधी राखणदार कमी केला. मग जनरेटरचं डिझेल उशिरा येऊ लागलं, मग येईनासं झालं. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या. गावची वीज गेली की माझीही वाचा जायची, आणि मेळघाटात वीज जायला निमित्त लागत नाही. लोक मला शिव्या देऊ लागले. ज्यांनी मला खांद्यावरून आणलं तेच खालून दगड मारत, म्हणत की नुसता खांब उभा आहे. मला राग यायचा, पण लोकांचा नाही. ज्याला उपाशी ठेवलं, त्यालाच कामचुकार ठरवण्याची ही जी रीत आहे, तिचा राग यायचा.

आणि एका दुपारी एक माणूस आला, त्यानं माझ्या पायथ्याची खोली उघडली, एकेक बटण खाली पाडलं, कुलूप लावलं आणि निघून गेला. गावाला कुणी काही सांगितलं नाही. या भागात गिऱ्हाईक थोडं, टॉवर तोट्यात, म्हणून बंद, एवढं नंतर धारणीत कळलं.

त्याच हंगामात पुंजाराम वरूडला एका बागेत शिडीवरून पडला. कमरेला आणि पायाला जबर मार बसला. मुकादमानं त्याला अमरावतीच्या दवाखान्यात नेलं आणि मैनाबाईला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. दिवसभर लावत राहिला. दुसऱ्या दिवशीही लावला. त्या हाका माझ्या दिशेनं येत होत्या, आणि माझ्या अंगात वीज नव्हती. मी टेकडीवर उभा होतो आणि मुका होतो. अखेर बागेतला एक ओळखीचा मजूर गावाकडे परतला, तेव्हा त्याच्या तोंडून मैनाबाईला कळलं. म्हशी शेजारी सोपवून ती मिळेल त्या जीपनं धावली. पोचली तेव्हा पुंजाराम खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. शेजारच्या खाटांवरच्या माणसांपाशी त्यांची-त्यांची माणसं होती. त्याच्यापाशी इतके दिवस कुणी नव्हतं.

तो बरा झाला, पण काठी हातात आली ती कायमचीच. घरी आल्यावर तो कमी बोलू लागला. मैनाबाईनं एके संध्याकाळी त्याला खोदून विचारलं, तेव्हा तो इतकंच म्हणाला:

“मले वाटलं, तू आलीच नाईस.”

हे मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी मैनाबाई सीमाला घेऊन माझ्या चौथऱ्यावर बसली होती.  ती म्हणाली, की त्याच्या पायाचं काही वाटत नाही, पाय जनावराचाही मोडतो. पण माझा माणूस तिथे पडल्या-पडल्या रोज दाराकडे पाहत होता आणि मनात धरून बसला होता, की बायकोनं टाकलं. हे जे त्याच्या मनात शिरलं, ते आता कोणत्या डॉक्टरनं काढायचं?  मैनाबाईनं तिथलाच एक दगड उचलला आणि कुलपावर आपटला. कुलूप तुटलं नाही. मग तिनं दगड खाली ठेवला आणि म्हणाली, असं नाही, रीतीनं.

दोघी अमरावतीला कंपनीच्या कार्यालयात गेल्या. किसनराव नावाचे अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की मावशी, तिकडे माणसंच कमी, टॉवर परवडत नाही. मैनाबाईनं पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

“आमी कमी आहो, साहेब,” ती म्हणाली, “म्हणून आमची हाक बी कमी का?”

मग किसनरावांनी सूर बदलला. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. टॉवर काढायचा हुकूम निघाला होता. माझं लोखंड मोठ्या रस्त्यावरच्या एका जागी लागणार होतं.

गावात परतल्यावर ग्रामसभा बसली. कोरकू बाया एरवी सभेत मागे बसत, त्या दिवशी पुढे बसल्या. ठराव झाला, की गावाला दुसरी सोय होईपर्यंत टॉवरला कुणी हात लावायचा नाही. काही पुरुष म्हणाले, ठराव आपल्या जागी, कंपनी कुठे ऐकते? तेव्हा मैनाबाईनं बेनिनच्या त्या बायांची हकीकत सांगितली. सीमानं ती कोरकूत समजावली. म्हाताऱ्या बायांनी दोनदा विचारून घेतलं, की त्या बाया खरंच समुद्रापलीकडच्या का, आणि त्याही बिया वेचून तेल काढतात का. काढतात म्हटल्यावर त्यांना ती माणसं आपलीच वाटू लागली. पण चुली मांडायला टेकडीवर वारा फार. मग मैनाबाई म्हणाली, चुली नकोत, माझ्या म्हशी आहेत.

ट्रक आला तो सकाळच्या उन्हात. नाल्यात पाणी नव्हतं, म्हणून या वेळी तो थेट टेकडीच्या पायथ्याशी लागला. टोळी सामान घेऊन वर चढली आणि जागच्या जागी थांबली. माझ्या चारी पायांना म्हशी बांधलेल्या होत्या. आणखी काही मधल्या मोकळ्या जागेत बसून निवांत रवंथ करत होत्या. कडेनं बाया बसल्या होत्या. कुणी पानांच्या पत्रावळी टाचत होती, कुणी धान्य निवडत होती. घोषणा नाही, फलक नाही. मित्रांनो, माणसाला धाक दाखवता येतो, लालूच दाखवता येते. बसलेल्या म्हशीला काय दाखवणार?

टोळीचा प्रमुख पुढे आला. केस पिकलेले, अंगानं भरलेला, पण चाल मी लगेच ओळखली. तो जुबेर होता. परदेशातून परत आल्यावर त्यानं अकोल्यात टॉवरच्या कामांचा ठेका घ्यायला सुरुवात केली होती. म्हशी पाहून त्याच्या तोंडावर हसू फुटलं आणि तिथेच विरलं. मैनाबाई उठून उभी राहिली.

“जुबेरभाऊ, तुमीच उभा केला,” ती म्हणाली. “आता तुमीच आडवा करता?”

जुबेरनं मान खाली घातली. तो म्हणाला, की भाबी, हुकूम निघालाच होता, दुसऱ्या कुणी काढला असता तर तोडून-मोडून नेला असता, म्हणून मीच घेतलं. मैनाबाईनं त्याला पुंजारामचं सगळं सांगितलं. दवाखान्यातलं, दाराकडे पाहत राहिल्याचं आणि ते एक वाक्यही. जुबेर ऐकत होता आणि नकळत माझ्या एका अँगलवर हात फिरवत होता.  मग त्यानं डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं आणि आपल्या माणसांना सामान खाली ठेवायला सांगितलं.

“मी खोलत नाई,” तो म्हणाला. “कंपनीले काय करायचं ते करू द्या.”

आता हे कंपनीला कळवायचं कसं? फोन लागत नव्हता. का लागत नव्हता, ते सगळ्यांना माहीत होतं. जुबेरला जीप घेऊन पार हरिसालच्या बाजूला जावं लागलं. किसनरावांना वाटलं, ठेकेदार घाबरला. ते स्वतः आले. उन्हानं लाल झाले होते. आधी समजावून झालं, मग कायदा सांगून झाला. मैनाबाईनं ग्रामसभेचा ठराव झाल्याचं सांगितलं आणि पुन्हा जाऊन म्हशीपाशी बसली. शेवटी किसनराव चिडले, खिशातून फोन काढला आणि म्हणाले, आता पोलिसांनाच बोलावतो.

मैनाबाईनं वर माझ्याकडे बोट केलं.

“बोलवा ना, साहेब. पन फोन कोठून लावसान?”

 मग एका म्हातारीला हसू आलं, मग दुसरीला, आणि बघता बघता सगळी टेकडी हसायला लागली. जुबेरची माणसं हसली. किसनराव हातातल्या फोनकडे पाहत उभे राहिले. पडद्यावर रेंजची एकही काडी नव्हती. मी नीट पाहत होतो, मित्रांनो. त्यांचा राग हळूहळू उतरला आणि तिथे ओशाळेपणा आला. ते माझ्या चौथऱ्यावर बसले. कुणीतरी त्यांना चहा दिला, म्हशीच्या दुधाचा, दाट. तो पीत त्यांनी विचारलं, की समजा एखाद्याला इथे साप चावला तर तुम्ही काय करता? सीमानं सांगितलं, की खाटेवर घालून नाल्यापलीकडे नेतो आणि मिळेल त्या गाडीची वाट पाहतो. 

चहा झाल्यावर जुबेरनं एक गोष्ट मांडली. बेनिनमध्ये त्यानं डिझेलशिवाय, नुसत्या सूर्याच्या उन्हावर चालणारे छोटे टॉवर उभारले होते. कमी विजेवर चालणारी यंत्रं, सौर पाट्या, आणि गावच्या माणसांची देखरेख. त्याचं म्हणणं असं, की तुम्हाला रस्त्यासाठी लोखंड हवं ना, तर वरचं अर्धं घ्या आणि खालचं अर्धं गावाला राहू द्या. टेकडी उंच आहे, अर्धा टॉवरही पुरेल. आणि त्याच्यावर सरकारी नेटवर्कला आपली यंत्रं बसवू द्या, त्यांची अशा गावांसाठी योजना आहे. किसनराव म्हणाले, हे माझ्या हातात नाही, पण मी वरपर्यंत मांडतो. मैनाबाई म्हणाली, मांडा, तोवर म्हशी इथेच आहेत.

त्याला फार दिवस लागले. उन्हाळा तापला. टेकडीवर म्हशींसाठी पाणी वाहून नेता नेता बायांचे खांदे सोलले. कोरकू बाया आणि गवळणी पाळीनं बसत. कंपनीनं मधेच दुसरी टोळी पाठवून पाहिली. ती आली, तिनं म्हशी पाहिल्या, थोडा वेळ सावलीत बसली आणि परत गेली. जुबेरचे पुढचे ठेके त्या कंपनीनं बंद केले. तो अकोल्याला गेला तो रिकामा ट्रक घेऊन, पण दर जुम्म्याची नमाज आटोपली की कुठून ना कुठून निरोप पाठवायचा, की अर्ज कुठवर गेला.

आणि एक दिवस पुंजाराम आला. काठी टेकत, दम खात, चाऱ्याची पेंढी पाठीवर घेऊन तो टेकडी चढला. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं पेंढी म्हशींपुढे सोडली आणि मैनाबाईच्या शेजारी जाऊन बसला. तिच्या खांद्यावरची सोललेली कातडी त्यानं पाहिली.  संध्याकाळी ती घरी जायला उठली, तेव्हा तो म्हणाला, तू जा, आज मी बसतो. मैनाबाई उतारावरून खाली जाताना पदरानं डोळे पुसत होती. एवढ्या दिवसांत ती रडल्याचं मी तेवढंच पाहिलं.

पावसाच्या तोंडाशी किसनराव पुन्हा आले. या वेळी त्यांनी गाडी नाल्यापलीकडेच ठेवली आणि चालत आले. जुबेरची अर्ध्या टॉवरची गोष्ट मान्य झाली होती. मैनाबाईनं त्यांच्याकडून पुन्हा एकदा सगळ्यांसमोर तसं वदवून घेतलं. मगच एकेक म्हैस सोडली.

माझं वरचं अर्धं अंग जुबेरनं स्वतः काढलं. केस पांढरे झाले तरी तो पूर्वीसारखाच चढला. प्रत्येक बोल्ट त्यानं तेल घालून, हळुवार सोडवला. मला दुखलं का? दुखलं. माझ्या माथ्यावरून सातपुड्याच्या रांगा दिसत, आता त्या तितक्या दिसत नाहीत. माझे ते तुकडे दुसऱ्या रस्त्यावर उभे राहिले असतील. तिथेही कुणाचे निरोप पोचवत असतील, तर मी त्यांना दोष देत नाही. उरलेल्या माझ्यावर नवी यंत्रं चढली आणि पायथ्याशी निळसर पाट्या उन्हाकडे तोंड करून बसल्या. ज्या दिवशी मी पुन्हा बोलू लागलो, त्या दिवशी गावात कुणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं. जो तो फोन कानाला लावून आपल्या माणसांना, लागला, लागला, एवढंच सांगत होता.

मी तुमच्यापासून काही लपवणार नाही. उंची कमी झाल्यामुळे पलीकडच्या खोऱ्यातला एक पाडा माझ्या हाकेच्या बाहेर गेला. तिथल्या लोकांना फोनसाठी अजून वर चढून यावं लागतं. मैनाबाईला हे सलतं. त्या पाड्यासाठी ती आणि सीमा सध्या धारणीच्या कचेरीत खेटे घालत आहेत. तिथले बाबू तिला पाहिलं की आधी खिडकीबाहेर नजर टाकतात, म्हशी आणल्यात की काय म्हणून.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी हात जोडून म्हणतात, की आमच्यावर दया करा. मी तसं म्हणणार नाही. मला दया नको. पाट्यांवरची धूळ पुसा, जाळीतलं गवत काढा, केबलीवर कपडे वाळत घालू नका, एवढं पुरे. आणि तुमच्या गावातला हातपंप, दवाखान्याची खोली, एसटीची फेरी, असं काहीही ‘परवडत नाही’ म्हणून कुणी बंद करायला आलं, तर शरमेनं गप्प बसू नका. आपण थोडे आहोत, हा काही गुन्हा नाही. जी वस्तू तुमच्या कामाची आहे, तिची निगा राखा, आणि वेळ आली तर तिच्या पायाशी ठाण मांडून बसा. निगा राखणं म्हणजे नुसतं पुसणं-झाडणं नाही, हे मी सालईढाण्यात शिकलो.

परवाचीच गोष्ट सांगतो. एक जीप नाला ओलांडून आली. दोन माणसं उतरली, गळ्यात ओळखपत्रं, हातात मोजायची यंत्रं. वर येऊन त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आपसात काही बोलले. मैनाबाई ओल्या फडक्यानं पाट्या पुसत होती. त्यांनी तिला विचारलं, बाई, हा टॉवर कोणाचा?

मैनाबाईनं फडकं पिळलं. घाई केली नाही.

“आमचा,” ती म्हणाली. “काम काय हाय ते सांगा.”